एनबीएच्या मॅचेस खरंच फिक्स असतात का? आणि मग तो रेफरी सापडला कसा?

एनबीएचा सीझन सुरू असला की आपल्याकडे सकाळी फोन हातात घेतल्यावर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे मॅचचा स्कोअर आणि दुसरी म्हणजे कोणाचा तरी कोपर नाहीतर पंजा कोणाला तरी लागतानाची दहा सेकंदांची स्लो मोशन क्लिप. वर लिहिलेलं असतं, 'मॅच फिक्स होती'. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात आणि तिसरा गट पॉपकॉर्न खात बसलेला असतो.

अशीच एक क्लिप २८ जानेवारी २०२३ च्या मॅचची आहे. बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध लॉस अँजेलिस लेकर्स. स्कोअर १०५-१०५, शेवटचे काही सेकंद. लेब्रॉन जेम्स बास्केटकडे झेपावला, बॉस्टनच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, बॉल बाहेर गेला आणि शिट्टी वाजलीच नाही. लेब्रॉन गुडघ्यांवर कोसळला. त्याचा साथीदार पॅट्रिक बेव्हरली एका फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन थेट रेफरीकडे गेला आणि 'हे बघा' म्हणून फोटो दाखवायला लागला. रेफरीने फोटो बघून काय केलं? बेव्हरलीलाच टेक्निकल फाउल दिला. मॅच जादा वेळेत गेली आणि लेकर्स १२५-१२१ ने हरले.

नंतर रेफरींनी मान्य केलं की फाउल होता, आम्ही चुकलो. त्यांच्या संघटनेने तर सोशल मीडियावर लिहिलं की ही चूक आम्हालाही जिव्हारी लागली आहे.

आता प्रश्न असा की ही मॅच फिक्स होती का? तसा कुठलाही पुरावा नाही. पण 'एनबीएमध्ये फिक्सिंग होतं' हे म्हणणं तरी निव्वळ थापा आहे का? तसंही नाही. कारण एनबीएच्या एका रेफरीने सट्टेबाजांना मॅचेसच्या टिपा विकल्याचं कोर्टात कबूल केलंय आणि त्यासाठी तो जेलमध्येही जाऊन आलाय. गंमत म्हणजे त्याला पकडून देणाऱ्यांमध्ये ना कुठला फॅन होता, ना कुठली क्लिप, ना खुद्द एनबीए.

त्याचं नाव टिम डॉनगी.

कोण होता हा डॉनगी?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ वाढलेला हा माणूस १९९४ ते २००७ अशी १३ वर्षं एनबीएमध्ये रेफरी होता. पगार वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार डॉलर. नियमित बघणाऱ्यांना तो चेहऱ्याने माहीत होता. २००३ मध्ये पोर्टलंडच्या रशीद वॉलेसने मॅचनंतर स्टेडियमबाहेर ज्या रेफरीला धमकावलं आणि सात मॅचेसची बंदी ओढवून घेतली, तो रेफरी हाच. २००४ मध्ये डेट्रॉइटजवळ खेळाडू प्रेक्षकांत घुसून मारामारी झाली, तो राडा आजही यूट्यूबवर लाखो लोक बघतात, त्या मॅचच्या तीन रेफरींपैकी एक हाच.

रेफरींना सट्टा खेळायला सक्त मनाई होती. डॉनगीला मात्र जुगाराचा नाद होता. आधी गोल्फ कोर्सवर मित्रांशी पैजा, मग कसिनो, मग दुसऱ्या खेळांवर सट्टा, आणि २००३ च्या सुमारास एका मित्रामार्फत थेट एनबीएच्या मॅचेसवर. त्यातही ज्या मॅचला स्वतः रेफरी आहे, त्याच मॅचवर.

ही गोष्ट जिमी बटिस्टा नावाच्या सट्टेबाजाच्या लक्षात आली. बटिस्टा आणि डॉनगी एकाच शाळेतले. त्या दोघांच्या मध्ये टॉमी मार्टिनो नावाचा तिसरा मित्र, तोही त्याच शाळेतला. डिसेंबर २००६ मध्ये फिलाडेल्फिया विमानतळाजवळच्या एका हॉटेलात तिघं भेटले आणि सौदा ठरला. डॉनगीने कुठल्या संघावर पैसे लावायचे ते सांगायचं. टीप बरोबर आली तर २ हजार डॉलर. चुकली तर काही नाही. म्हणजे डॉनगीच्या बाजूने घाट्याचा प्रश्नच नव्हता. काही दिवसांत हा आकडा टीपमागे ५ हजारांवर गेला.

निरोप देण्याची पद्धत अगदी घरगुती. फोनवर संघाचं नाव घ्यायचं नाही. मार्टिनोला दोन भाऊ होते, एक गावातच राहणारा आणि एक बाहेरगावी. गावातल्या भावाचा विषय निघाला की घरच्या संघावर पैसे लावायचे, बाहेरगावच्या भावाचा निघाला की पाहुण्या संघावर. फोन ऐकणाऱ्याला वाटावं, दोन मित्र भावांची ख्यालीखुशाली विचारतायत.

पण एक रेफरी अख्खी मॅच कशी काय फिरवणार?

इथे आपली क्रिकेटवाली डोकी थोडी फसतात. आपल्याला फिक्सिंग म्हटलं की वाटतं, जिंकणाऱ्याला हरवायचं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या सट्ट्यात त्याची गरजच पडत नाही. कारण तिथे सगळा खेळ 'पॉइंट स्प्रेड'चा आहे.

समजा न्यूयॉर्क निक्स आणि मायामी हीटची मॅच आहे आणि न्यूयॉर्कचं पारडं जड आहे. नुसतं 'कोण जिंकणार' यावर सट्टा ठेवला तर सगळे न्यूयॉर्कवर पैसे लावतील आणि बुकीचं दिवाळं निघेल. म्हणून बुकी अट घालतो की न्यूयॉर्कने साडेचारपेक्षा जास्त पॉइंटने जिंकलं तरच न्यूयॉर्कवर लावलेले पैसे जिंकले. न्यूयॉर्क तीन पॉइंटने जिंकलं, तर मॅच न्यूयॉर्कने मारली पण सट्टा मायामीवाल्यांनी.

म्हणजे रेफरीला विजेता बदलायचाच नाहीये. त्याला फक्त तीनचा फरक सहावर न्यायचाय. ४८ मिनिटांच्या मॅचमध्ये, जिथे दोन्ही संघ मिळून दोनशेच्या आसपास पॉइंट करतात, तिथे तीन पॉइंट म्हणजे काय? दोन शिट्ट्या. बस्स.

आणि बास्केटबॉल हा या कामासाठी किती सोयीचा खेळ आहे बघा. एका मॅचमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून साधारण चाळीस फाउल दिले जातात, आणि न दिलेले त्याहून जास्त असतात. सहा-साडेसहा फुटांचे दहा पैलवान एका छोट्या कोर्टवर धावतायत, धक्का तर प्रत्येक वेळी लागतोच. कुठला धक्का फाउल आणि कुठला 'खेळाचा भाग', हे रेफरी अर्ध्या सेकंदात ठरवतो. शूटरला धक्का लागला की फ्री थ्रो मिळतात, म्हणजे घड्याळ थांबवून, कोणीही आडवं न येता पॉइंट करायची संधी.

त्याहून भारी हत्यार म्हणजे पहिल्या पाच-सात मिनिटांतली शिट्टी. एका खेळाडूला सहा फाउल झाले की तो मॅचमधून बाद. त्यामुळे स्टार खेळाडूला सुरुवातीलाच दोन फाउल मिळाले तर कोच घाबरून त्याला बाकावर बसवतो. स्कोअरबोर्डवर काहीच दिसत नाही, पण मॅचचं पाणी तिथेच बदलतं. या दोन फाउलची क्लिप कोणी बनवत नाही. पहिल्या क्वार्टरमधल्या शिट्टीवर कोण भांडणार?

वरचं न्यूयॉर्क आणि मायामीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. २६ फेब्रुवारी २००७ ला ही मॅच खरंच झाली आणि रेफरींमध्ये डॉनगी होता. न्यूयॉर्कवर साडेचार पॉइंटचा स्प्रेड होता. त्या रात्री न्यूयॉर्कला ३९ फ्री थ्रो मिळाले आणि मायामीला फक्त ८. न्यूयॉर्क जिंकलं ९९-९३ ने. सहा पॉइंट.

लक्षात घ्या, कोर्टवर तीन रेफरी असतात, त्यामुळे त्या ३९ फ्री थ्रोंचं खापर एकट्यावर फोडता येत नाही. पण हा स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये वाचून कोणाला काही खटकलं असतं का? आवडता संघ घरच्या मैदानावर सहा पॉइंटने जिंकला, एवढीच बातमी होती.

मग तो पकडला कसा गेला?

माफियामुळे. एफबीआय न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो या माफिया घराण्याच्या मागावर होती. त्या तपासात फोन टॅप होत होते आणि त्यात एका एनबीए रेफरीचा विषय निघाला. म्हणजे पोलीस शोधत होते एक आणि जाळ्यात आलं भलतंच.

जून २००७ मध्ये एफबीआयने एनबीएला ही गोष्ट सांगितली. ९ जुलैला डॉनगीने राजीनामा दिला. २० जुलैला 'न्यूयॉर्क पोस्ट'ने बातमी फोडली आणि एकच हलकल्लोळ झाला. तेव्हाचे एनबीए कमिशनर डेव्हिड स्टर्न पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांनी ही आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात वाईट घटना असल्याचं सांगितलं. सोबत हेही ठासून सांगितलं की हा एकटा नासका आंबा आहे, पेटी चांगली आहे.

१५ ऑगस्टला डॉनगीने ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात गुन्हा कबूल केला. जुलै २००८ मध्ये त्याला आणि बटिस्टाला १५ महिन्यांची, तर मार्टिनोला एक वर्ष आणि एका दिवसाची शिक्षा झाली. डॉनगीला टिपांचे म्हणून मिळालेले जे पैसे कोर्टाने जप्त करायला सांगितले, तो आकडा होता ३० हजार डॉलर. ज्याचा वर्षाचा पगार त्याच्या आठपटीहून जास्त होता, त्या माणसाने आयुष्य घालवलं ते एवढ्यासाठी. जुगाराच्या नादात हिशेब कधी जमतच नाही म्हणा.

पण त्याने कबूल काय केलं ते नीट वाचण्यासारखं आहे. आतली माहिती विकली, हे कबूल. कुठल्या मॅचला कोण रेफरी आहे, कुठल्या रेफरीचं कुठल्या खेळाडूशी वाजलेलं आहे, कोणाला दुखापत आहे, हे सगळं. मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या वाजवल्या का? तर तो आजतागायत म्हणतो, नाही. एफबीआयला तसा पुरावा मिळाला नाही. एनबीएने लॉरेन्स पेडोविट्झ या वकिलाकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली, तिचा अहवाल ऑक्टोबर २००८ मध्ये आला. त्यातही मुद्दाम मॅच फिरवल्याचं सिद्ध होत नसल्याचंच लिहिलं होतं.

आणि मग २०१९ मध्ये ईएसपीएनने जुन्या मॅचेसचे व्हिडिओ आणि सट्टाबाजारातल्या भावांची हालचाल समोरासमोर ठेवली. त्यांचा निष्कर्ष असा होता की मोठा पैसा ज्या संघावर लागला होता, डॉनगीच्या शिट्ट्या त्याच संघाच्या बाजूने झुकल्या होत्या. एनबीएला हे मान्य नाही. मला विचाराल तर स्वतःच्या मॅचवर पैसे लागलेले असताना माणूस अगदी तटस्थपणे शिट्टी वाजवतो, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं. पण 'मला वाटतं' आणि 'कोर्टात सिद्ध झालं' यात फरक असतो आणि तो ठेवायलाच हवा.

सॅक्रामेंटोची भळभळती जखम

डॉनगीने जेलमध्ये जायच्या आधी एक बॉम्ब टाकला. जून २००८ मध्ये, लेकर्स आणि सेल्टिक्सची फायनल चालू असताना, त्याच्या वकिलाने कोर्टात एक पत्र दिलं. त्यात आरोप होता की २००२ च्या प्ले-ऑफमधल्या एका सहाव्या मॅचमध्ये दोन रेफरींनी ठरवून एका संघाला झुकतं माप दिलं, कारण सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली की एनबीएचा फायदा. पत्रात संघांची नावं नव्हती. पण त्या वर्णनात बसणारी मॅच कुठली, हे अमेरिकेतल्या शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

३१ मे २००२. लॉस अँजेलिस. सॅक्रामेंटो किंग्ज सिरीजमध्ये ३-२ ने पुढे. ही मॅच जिंकली की किंग्ज सॅक्रामेंटोला आल्यापासून पहिल्यांदा फायनलमध्ये. समोर शकील ओ'नील आणि कोबी ब्रायंटचे लेकर्स, सलग दोन वर्षांचे विजेते, मोठं शहर, मोठी टीव्ही बाजारपेठ.

तीन क्वार्टर मॅच बरोबरीत चालली. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. आधीच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून त्यांना १३ मिळाले होते. लेकर्सच्या शेवटच्या १८ पॉइंटपैकी १६ फ्री थ्रोवर आले. किंग्जचे व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड हे दोन उंच खेळाडू, म्हणजे शकीलला अडवू शकणारे दोघंही, सहा फाउल होऊन बाहेर. आणि शेवटच्या सेकंदांत कोबीचा कोपर माइक बिबीच्या नाकावर बसला. बिबी रक्ताळलेलं नाक धरून जमिनीवर पडला होता आणि शिट्टी शांत. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले.

ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी स्टर्नना पत्र लिहून या रेफरिंगची चौकशी करा म्हणून मागणी केली. काही झालं नाही. सहा वर्षांनी डॉनगीचा आरोप आला तेव्हा एनबीएने तो साफ फेटाळला, आणि पेडोविट्झ अहवालातही त्याला आधार सापडला नाही. हेही लक्षात ठेवा की आरोप करणारा माणूस तेव्हा शिक्षा कमी व्हावी म्हणून धडपडत होता.

किंग्जचे फॅन एक गोष्ट मात्र सांगायचं टाळतात. सातवी मॅच सॅक्रामेंटोत, त्यांच्याच घरी होती. ती जादा वेळेत गेली, किंग्ज ११२-१०६ ने हरले आणि त्या मॅचमध्ये त्यांनी ३० पैकी फक्त १६ फ्री थ्रो टाकले. चौदा फुकट घालवले. त्यात कुठला रेफरी आडवा आला नव्हता. तरीही त्या शहराचं दुःख समजण्यासारखं आहे. लेकर्सनी पुढे फायनल ४-० ने मारली. किंग्ज त्यानंतर कॉन्फरन्स फायनलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत, आणि मध्ये तर सलग १६ सीझन त्यांना प्ले-ऑफही दिसला नाही.

फिक्सिंग नसेल, पण झुकाव तर असतो ना?

असतो. आणि तो मोजलाही गेलाय. एखादा माणूस लबाड नसतानाही एका बाजूला झुकू शकतो, आपल्याला गल्ली क्रिकेटपासून हे माहीत आहे.

अर्थतज्ज्ञ जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स यांनी १९९१ ते २००४ या काळातल्या एनबीए मॅचेस तपासल्या. त्यांना दिसलं की रेफरी आणि खेळाडू वेगवेगळ्या वंशाचे असतील, म्हणजे एक गोरा आणि दुसरा काळा, तर खेळाडूला थोडे जास्त फाउल मिळतात. फरक छोटा होता, पण हजारो मॅचेसमध्ये सातत्याने होता. मे २००७ मध्ये हे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आलं, बार्कलीपासून लेब्रॉनपर्यंत सगळ्यांना त्याबद्दल विचारलं गेलं, एनबीएने ते खोडून काढायचा प्रयत्न केला.

पुढची गोष्ट जास्त भारी आहे. काही वर्षांनी याच मंडळींनी एका सहकाऱ्याला घेऊन नवे आकडे तपासले. बातमी यायच्या आधीच्या वर्षांत हा झुकाव होताच. २००७ नंतरच्या सीझन्समध्ये तो गायब झाला होता. रेफरींना कोणी नवं प्रशिक्षण दिलं नव्हतं की शिक्षा केली नव्हती. 'लोक आपल्याला मोजतायत' एवढं कळणं पुरेसं ठरलं.

प्राइस यांनीच आणखी दोघांसोबत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात वेगळीच बाजू पुढे आली. बॉल हातातून जाण्याचे काही प्रकार रेफरीच्या मर्जीवर असतात, जसं की आक्रमकाचा फाउल. काही प्रकारांत मर्जीचा प्रश्नच नाही, जसं पास थेट विरोधकाच्या हातात जाणं. पहिल्या प्रकारात घरच्या संघाला, मॅचमध्ये मागे पडलेल्या संघाला आणि प्ले-ऑफ सिरीजमध्ये हरत असलेल्या संघाला सवलत मिळताना दिसली. म्हणजे मॅच रंगतदार व्हावी, सिरीज लांबावी, असा कल. एनबीएच्या गल्ल्याला हे सोयीचं आहे यात शंका नाही. पण यातून 'वरून फोन येतो' हे सिद्ध होत नाही. वीस हजार लोक एका सुरात ओरडत असताना, किंवा एक संघ धापा टाकत मागे पडलेला असताना, माणसाचा हात आपोआप सैल पडतो. मला तरी आदेशापेक्षा हे कारण जास्त पटतं.

या अशा झुकावामुळेच फॅन लोकांना प्रत्येक शिट्टीत कट दिसतो. मोठे लोकही सुटलेले नाहीत. डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन २००२ मध्ये रेफरींच्या प्रमुखाबद्दल बोलून बसले की या माणसाला मी आइस्क्रीमचं दुकानही सांभाळायला देणार नाही. त्यांनी नाव घेतलं होतं 'डेअरी क्वीन'चं. एनबीएने ५ लाख डॉलर दंड ठोकला. आणि डेअरी क्वीनवाल्यांनी आव्हान दिलं की या, एक दिवस आमचं दुकान चालवून दाखवा. क्यूबन गेले आणि काउंटरवर उभं राहून आइस्क्रीम विकलं. लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या होत्या.

डॉनगीनंतर एनबीएने काय केलं?

पहिला बदल साधा पण हुशार होता. पूर्वी कुठल्या मॅचला कोण रेफरी हे मॅचच्या दीड तास आधी जाहीर व्हायचं, तोवर ते गुपित. डॉनगी जे विकत होता त्यात हे गुपितही होतं. मग एनबीएने रेफरींची नावं मॅचच्या दिवशी सकाळीच जाहीर करायला सुरुवात केली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण विकत घेणार?

२०१४ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकसमध्ये रिप्ले सेंटर उघडलं. मार्च २०१५ पासून 'लास्ट टू मिनिट रिपोर्ट' सुरू झाला. चुरशीच्या मॅचमध्ये शेवटच्या दोन मिनिटांतल्या महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयाचा दुसऱ्या दिवशी निकाल लावायचा आणि तो वेबसाइटवर टाकायचा. वाजवलेली शिट्टी बरोबर की चूक, न वाजवलेली बरोबर की चूक. हे तुम्हीही मोफत वाचू शकता. पुढच्या वेळी क्लिप फॉरवर्ड करायच्या आधी एक दिवस थांबून हा रिपोर्ट बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. २०१९-२० पासून कोचला रिव्ह्यू मागायचीही सोय झाली, आपल्या डीआरएससारखी.

पण या रिपोर्टमध्ये एक गोम आहे. तो शेवटच्या दोन मिनिटांचा आहे. स्प्रेडवर पैसे लावणाऱ्याला ४८ मिनिटांतली कुठलीही दोन मिनिटं चालतात. शेवटच्या सेकंदाला, लाखो लोक बघत असताना, कॅमेऱ्यासमोर ढळढळीत चुकीचा निर्णय देणारा रेफरी चुकलेला असण्याची शक्यता खूप जास्त आणि विकला गेलेला असण्याची फारच कमी. विकला गेलेला माणूस तो मोका साधेल जेव्हा तुम्ही चहा आणायला उठलेले असाल.

आता रेफरीची गरजच उरली नाहीये

डॉनगीच्या काळात अमेरिकेत बहुतेक राज्यांत खेळांवर सट्टा बेकायदा होता. मे २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही बंदी आणणारा १९९२ चा कायदा रद्द केला आणि एकेक राज्य सट्टा कायदेशीर करत गेलं. एनबीएचे आताचे कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी तर २०१४ मध्येच लेख लिहून सट्टा कायदेशीर करून त्यावर नियंत्रण आणा, अशी बाजू मांडली होती. आज सट्ट्याच्या अ‍ॅप्स एनबीएच्या अधिकृत भागीदार आहेत.

त्या अ‍ॅप्सवर नुसता स्प्रेड नसतो. अमुक खेळाडू किती पॉइंट करेल, किती रिबाउंड घेईल, यावरही पैसे लागतात. आपल्याकडे २०१३ च्या आयपीएलमुळे घराघरात पोचलेला शब्द वापरायचा तर हे स्पॉट फिक्सिंगला खुलं आमंत्रण. इथे रेफरी पटवायची, दोन सहकाऱ्यांच्या नजरा चुकवायची भानगडच नाही. एका खेळाडूने पोट दुखतंय म्हणायचं आणि आत जाऊन बसायचं.

टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरने हेच केलं. जुगाराचं कर्ज अंगावर असलेल्या या राखीव खेळाडूने २० मार्च २०२४ च्या मॅचमध्ये तीन मिनिटं खेळून तब्येत बरी नसल्याचं सांगत कोर्ट सोडलं. कोणीतरी त्याच्या कमी कामगिरीवर ८० हजार डॉलर लावले होते, जिंकले असते तर ११ लाख मिळणार होते. एका राखीव खेळाडूवर एवढी रक्कम बघून सट्टा कंपनीलाच संशय आला आणि पैसे गोठवले गेले. महिन्याभरात पोर्टरवर आजन्म बंदी आली आणि जुलैमध्ये त्याने ब्रुकलिनच्या कोर्टात गुन्हा कबूल केला.

त्यावर एनबीए आणि सट्टा कंपन्यांनी असा तोडगा काढला की पोर्टरसारख्या कमी पगाराच्या, छोट्या करारावरच्या खेळाडूंच्या 'कमी कामगिरी'वर सट्टाच घ्यायचा नाही. विचार असा की पैशाची चणचण असलेलाच विकला जातो.

२३ ऑक्टोबर २०२५ ला, नवा सीझन सुरू होऊन दोन दिवस झाले असताना, एफबीआयने तीसहून जास्त लोकांना उचललं. त्यात पोर्टलंडचा कोच चॉन्सी बिलप्स होता, त्याच्यावरचा आरोप माफियाशी संबंध असलेल्या बनावट पोकर अड्ड्यांचा. आणि मायामी हीटचा टेरी रोझियर होता. त्याच्यावर आरोप असा की मार्च २०२३ मध्ये शार्लटकडून खेळताना 'मी लवकर बाहेर जाणार आहे' ही माहिती त्याने आधीच मित्राला दिली आणि त्यावर २ लाख डॉलरहून जास्त सट्टा लागला. त्या मॅचमध्ये तो साडेनऊ मिनिटं खेळून पाय दुखतोय म्हणून बाहेर गेला होता. दोघांनीही आरोप नाकारलेत. रोझियरचा खटलाही ब्रुकलिनच्याच कोर्टात आहे, जिथे डॉनगी उभा होता. रोझियरचा त्या सीझनचा पगार २ कोटी डॉलरच्या वर होता.